कोपर्निकस ब्राउझर, चोपड्याच्या शिवारातून: वर्षभराच्या वापरानंतर

आधी सरळच सांगतो. आज आपल्या वावरात काय चाललंय हे बघायला हा नकाशा उघडायचा असेल, तर त्यापेक्षा चपला घाला आणि वावरात जा, लवकर कळेल. पण शेजारच्या शिवारातल्या एखाद्या जमिनीचे गेले सात-आठ उन्हाळे कसे गेले, हे कुणी खरं सांगत नाही. ते इथे दिसतं. माझ्या लेखी या नकाशाची सगळी किंमत त्याच्या जुन्या चित्रांत आहे.

ओळख थोडक्यात. युरोपीय संघाच्या कोपर्निकस कार्यक्रमातले उपग्रह जी चित्रं घेतात, ती या संकेतस्थळावर नकाशासारखी सरकवत, लहान-मोठी करत बघता येतात. काही इन्स्टॉल करायचं नाही, पैसे नाहीत. नुसतं बघायला खातंही लागत नाही. मूळ डेटा उतरवून घ्यायचा तर मोफत खातं काढावं लागतं. मी बघतो ती चित्रं सेंटिनेल-२ ची. पहिला उपग्रह २०१५ मध्ये गेला, दुसरा २०१७ मध्ये, आणि दोन मिळून साधारण दर ५ दिवसांनी एकाच जागेवरून जातात, ७८६ किलोमीटर उंचीवरून. आपल्याकडचं चित्र सकाळी अकराच्या सुमाराचं असतं. मराठी नाही, इंग्रजीत चालवावं लागतं. रोज लागणारी बटणं चार-पाचच आहेत, दोन संध्याकाळींत हात बसतो. शेतीपंपाची लाईट रात्रपाळीला असली की जागं राहावंच लागतं. माझा बहुतेक अभ्यास त्याच वेळात झाला.

आता मुद्द्याचं. या चित्रातला सर्वांत लहान चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला एक गुंठा १०१ चौरस मीटरचा. थोडक्यात एक चौकोन म्हणजे एक गुंठा, आणि एकराचे चाळीस चौकोन. हे एकदा डोक्यात बसलं की नकाशाकडून काय मागायचं आणि काय नाही, हे आपोआप ठरतं. दोन एकरांचा सलग तुकडा असेल तर ऐंशी चौकोन मिळतात, त्यातले कडेचे वजा करायचे, कारण तिथे आपलं पीक, बांध, बांधावरचा निंब आणि शेजाऱ्याचं वावर एकाच रंगात कालवलेलं असतं. दहा-बारा गुंठ्यांची लांबट पट्टी असेल तर नाद सोडा. भावाभावांत वाटण्या होऊन जिथे वावरांच्या चिंध्या झाल्यात, तिथे हा नकाशा आंधळा आहे. गटाच्या हद्दी यात नाहीत. त्या स्वतः रेघ ओढून आखाव्या लागतात, आणि त्यासाठी माउस हवा. फोनवर बोटाने आखलेला बांध शेजाऱ्याच्या वावरात जातो, मग नकाशावरही भांडण.

रंगांचं म्हणाल तर मी मुख्यतः एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा बघतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोहोंतल्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की आकडा येतो, उणे १ ते अधिक १. उघडी काळी जमीन शून्याच्या जरा वर, भरलेली केळीबाग बरीच वर. आखलेल्या तुकड्याचा आकडा तारखेनुसार आलेखावर मांडता येतो, ती सोय मला सगळ्यांत आवडली. कांदेबागेची, म्हणजे पावसाळा सरताना लावलेल्या केळीची, रेघ लागवडीनंतर कितीतरी दिवस जमिनीलगत सरपटते, कारण रोपं एवढीशी आणि मध्ये सगळी माती, आणि मग उन्हाळा लागता लागता चढते. कापसाची रेघ भादव्याच्या पुढे-मागे शेंड्याला पोहोचते आणि वेचण्या सुरू झाल्या की उतरते. पण बाग पूर्ण झाकली गेली की आकडा जवळजवळ थांबतो. चांगली बाग आणि उत्तम बाग यांतला फरक त्याला सांगता येत नाही, तो घडाच्या वजनावरच कळतो.

ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो ते आता. आमच्याकडे नफ्याने, म्हणजे ठरलेली रक्कम देऊन दुसऱ्याचं वावर कसायला घेताना पहिला प्रश्न पाण्याचा. मालक म्हणणार, विहीर बारमाही आहे. वीस-बावीस महिन्यांसाठी केळी लावायची, ठिबक अंथरायचं, रोपांना पैसे घालायचे, आणि आधार काय, तर त्याचा शब्द. म्हणून मी आता सौद्याला बसण्याआधी त्या तुकड्याचा प्रत्येक वर्षाचा मे महिना काढून बघतो. मे निवडायचं कारण असं की तेव्हा आकाश मोकळं असतं, हरभरा, गहू आणि दादर (रब्बी ज्वारी) केव्हाच घरात आलेली असते, आणि पूर्वहंगामी कापूस पेरलाच तरी वरून दिसण्याइतका उगवलेला नसतो. त्या दिवसांत जे गर्द हिरवं दिसतं ते केळी, ऊस, चारा किंवा झाडं. लागोपाठ बऱ्याच उन्हाळ्यांत वावर हिरवं, म्हणजे पाणी आहे. चांगल्या पावसानंतरच्याच मे महिन्यात हिरवं आणि बाकी वर्षी तपकिरी, म्हणजे विहीर पावसाच्या भरवशावर आहे, मग नफ्याचा आकडा त्या हिशोबाने बोलायचा.

यातही फसगतीच्या जागा आहेत. वावर तपकिरी दिसलं म्हणजे पाणी नाहीच असं नसतं. मालक नोकरीला बाहेर असेल, भावकीचा दावा चालू असेल, नाहीतर त्याला केळीच नको असेल. उलट हिरवं दिसलं तरी पाणी त्याच विहिरीचं असेल असं नाही. तापीवरून पाइपलाइन आणलेली असू शकते, आणि ती लाइन सौद्यात तुम्हाला मिळणार का, हे उपग्रह सांगत नाही. म्हणून चित्रं बघून जायचं आणि मालकाला नेमकं विचारायचं: अमुक सालच्या उन्हाळ्यात वावर पडीक होतं, का? या प्रश्नाने गप्पांचा सूरच बदलतो. घरात आबांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. एकदा पडद्यावर वाकून म्हणाले, "हाई ते आपलं निंबवालं वावर शे ना रे भो!" आणि मग तासभर कुणाच्या वावरात कोणत्या साली काय होतं ते सांगत बसले. त्यांची आठवण आणि चित्रं बहुतेक जुळत गेली.

दुसरा असाच उपयोग फरदड ओळखायचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही न उपटता आणखी बोंडांसाठी उभा ठेवलेला कापूस. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यभर कापूस खाल्ला, तेव्हापासून फरदड ठेवू नका, हे प्रत्येक हंगामात सांगितलं जातं. तरी जानेवारी-फेब्रुवारीत कुठे ना कुठे उभी असतेच. फक्त जानेवारीचं चित्र बघून ती ओळखता येत नाही, कारण हरभराही हिरवा, मकाही हिरवा. पण मागे जाऊन बघा. रब्बीच्या वावराचा रंग मध्ये एकदा मातीवर येतो, नांगरट-पेरणीच्या दिवसांत. फरदडीचा येत नाही, तो फिका होत होत तसाच पुढे चालतो. आपल्या कापसाच्या आसपास असा तुकडा दिसला तर पुढच्या हंगामात कामगंध सापळे (बोंडअळीचे पतंग वासाने ओढून पकडणारे) त्या बाजूला आधी लावावेत. हेही पुन्हा जुन्या चित्रांचंच काम.

जे जमत नाही ते. केळीला ५ बाय ६ फुटांवर लावलं तर एका चौकोनात छत्तीसेक झाडं येतात. कुकुंबर मोझॅक या विषाणूरोगाची चार-दोन रोपं उपटायची आहेत, तर ती इथे दिसणं शक्यच नाही, ओळीओळीने फिरावंच लागतं. वादळात आडवी झालेली बागही लगेच लक्षात येत नाही, पडलेली पानं काही दिवस हिरवीच असतात. एखादा फिका डाग दिसला म्हणून गेलो तर एकदा ठिबकच्या लॅटरलची टोकं चोकअप निघाली, एकदा जुन्या वीटभट्टीची जागा निघाली, आणि बऱ्याचदा काहीच निघालं नाही.

आणि पावसाळा. खरिपाचे जे दिवस सगळ्यांत अडचणीचे, त्याच दिवसांत वर ढग. जूनअखेरीपासून पोळ्यापर्यंत एखादं स्वच्छ चित्र मिळालं तर नशीब, त्यातही ढगाची सावली वावरावर पडली की आकडा उगाच खाली येतो. सेंटिनेल-१ चं रडार ढगातून बघतं, तेही याच नकाशात आहे. त्यात पसरलेलं पाणी काळं दिसत असल्याने तापीचा पूर कुठवर आला ते कळतं. पिकाबद्दल मात्र त्यातून मला काही वाचता आलं नाही.

धरणं बघायला मजा येते. हतनूर, गिरणा, अनेर यांचा फुगवटा दिवाळीपासून मेपर्यंत कसा आक्रसतो, ते एका ओळीत लावून बघता येतं. पण हा पाण्याचा पसारा आहे, खोली नव्हे. गाळाने भरलेलं धरण वरून तेवढंच भरलेलं दिसतं, म्हणून आवर्तनाचा, म्हणजे कालव्याला पाणी कधी-किती सुटेल याचा, अंदाज यावरून बांधू नका. होळीच्या आसपास सातपुड्याकडे नकाशा सरकवला आणि लघुतरंग अवरक्त प्रकारचं चित्र लावलं, तर जळालेल्या डोंगरउतारांचे डाग ठळक उठून दिसतात. साध्या रंगात ते सावलीत हरवतात. सेटिंगबद्दल एकच सूचना: वर्षांची तुलना करताना वातावरणाचा परिणाम काढून टाकलेली एल२ए चित्रं एकीकडे आणि न काढलेली एल१सी दुसरीकडे असं करू नका. आकडे जुळत नाहीत, आणि दोष जमिनीला दिला जातो.

मध्यंतरी एका कंपनीचा प्रतिनिधी गावात आला होता, एकरी पैसे भरा, उपग्रहावरून पिकाचा सल्ला देतो म्हणून. त्याच्या फोनवरचं चित्र मी नीट बघितलं. चौकोन तेवढेच मोठे, तारीखही इथे मोफत दिसणारीच. तरी मी त्याला अगदीच खोटं ठरवणार नाही. ज्याला रात्री लॅपटॉपसमोर बसायचं नाही आणि मराठीत दोन ओळींचा मेसेज हवा आहे, त्याने भरावेत पैसे. मात्र भरण्याआधी त्याला विचारावं की आमच्या वावराची मागच्या पाच वर्षांची मे महिन्याची चित्रं दाखवणार का, आणि श्रावणात ढग असताना मेसेज कशावरून पाठवणार. आमच्याकडे आलेल्याने दुसऱ्या प्रश्नावर चहा संपवला आणि ऑफिसला विचारून सांगतो म्हणाला.