जुना ओरिजिनल की नवा लोकल? स्विफ्टचे पॅनेल घेताना

फेंडर (पुढच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) किंवा दार बदलायची वेळ आली की डेंटर दोन पर्याय पुढे ठेवतो: खोललेल्या गाडीचा जुना ओरिजिनल पत्रा (मुंबईत त्यासाठी कुर्ला गाठतात), नाहीतर दुकानातला नवा लोकल, म्हणजे कंपनीचा नसलेला. एकच उत्तर सगळ्या पॅनेलना लागू पडत नाही, म्हणून इथे मारुतीची स्विफ्ट धरून बोलतो.

‘स्विफ्टचा आहे’ एवढ्यावर पैसे देऊ नका. ऑगस्ट 2011 मध्ये दुसरी पिढी आली, फेब्रुवारी 2018 मध्ये तिसरी, मे 2024 मध्ये चौथी. तिसरीच्या मागच्या दाराचं हँडल खांबात लपवलेलं आहे, दुसरी आणि चौथीत ते दारावरच आहे. हा फरक लांबूनही दिसतो. फसवणारे फरक एकाच पिढीच्या आतले असतात. दुसऱ्या पिढीतच 2014 च्या फेसलिफ्टला (रूपबदलाला) पुढचा बंपर आणि ग्रिल बदलले. काही व्हेरिएंटमध्ये इंडिकेटर आरशावर, काहींत फेंडरवर. नको असलेलं भोक बुजवायचं तर वेल्डिंग आणि पुट्टी आलीच. त्यामुळे सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसिस नंबर सांगून पार्ट नंबर काढून घ्या आणि बाजारात जाताना आपल्या पॅनेलचे आतल्या बाजूचेही फोटो न्या.

दार आणि डिकीसाठी मी आधी जुना ओरिजिनलच शोधेन. लोकल दाराची कड थोडी जरी चुकली तरी बीडिंग (कडेची रबरी पट्टी) नीट बसत नाही आणि पहिल्याच पावसात पाणी आत येतं. बाजूच्या धडकेपासून वाचवणाऱ्या आतल्या आडव्या बीमचा दर्जा तर बाहेरून कळतच नाही. जुनं दार बहुतेक वेळा काच, ती वरखाली करणारं मशीन, लॉकसकट मिळतं. फक्त आपल्या पॉवर विंडोचा आणि सेंट्रल लॉकचा कनेक्टर जुळतो का ते बघा, बिजागरीत खेळ आहे का ते दार वरखाली हलवून तपासा, आणि खालची दुमडलेली कड व पाणी निचऱ्याची भोकं बोटाने चाचपा. किनारपट्टीवर फिरलेल्या गाडीचा गंज तिथूनच सुरू होतो.

बोनेटच्या बाबतीत दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: गाडी कुठून ठोकली होती? मागून ठोकलेल्या गाडीचं बोनेट बिनधास्त बघावं. पुढून ठोकलेल्या गाडीचं सरळ केलेलं बोनेट फुकट दिलं तरी नको, कारण त्याची आतली फ्रेम ठरावीक जागी दुमडण्यासाठीच बनवलेली असते आणि एकदा दुमडली की पूर्वीसारखी होत नाही. दोन्ही कर्ण टेपने मोजा, फरक आला तर पुढच्या दुकानात चला. लोकल बोनेट दिसायला सरळ असलं तरी पत्रा बरेचदा पातळ असतो आणि लॉकची जागा जुळवताना डेंटर घामाघूम होतो.

फेंडरवर मात्र मी जुन्याचा फार शोध घेणार नाही. लोहचुंबक सगळीकडे सारखा चिकटला, म्हणजे खाली जाड पुट्टी नाही, तर घ्यावा. नाहीतर कंपनीच्या नव्या फेंडरची किंमत विचारा. पॅनेल साधं असल्यामुळे तो हिशोब पुष्कळदा जमतो. ‘सेम कलर आहे, रंगाचे पैसे वाचतील’ यावर विसंबू नका. उन्हात दोन गाड्यांचा रंग सारखा उतरत नाही, मेटॅलिकमध्ये तर लगेच कळतं.

बंपर प्लास्टिकचा. जुन्याचे कान (अडकवायचे कोपरे) आणि क्लिपच्या जागा तुटलेल्या असतात, वरून मात्र चकचकीत. शिवाय 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, त्यामुळे त्याआधीच्या साध्या व्हेरिएंटच्या मागच्या बंपरला ती भोकं नसतात. इथे नवाच घ्या.

छत आणि क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) कापून वेल्ड करावे लागतात. त्यांची तुलना करत बसू नका, आपलंच सरळ होतंय का ते बघा.

जुना असो की लोकल, रंगाआधी गाडीवर लावून बघायची आणि बसला नाही तर परत करायची अट बिलावर लिहून घ्या. लावल्यावर गॅप दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. दोन वेगवेगळे फेंडर एकाच जागी अडत असतील तर दोष बहुधा पत्र्याचा नाही, गाडीचा ॲप्रन (फेंडरच्या आतला, ज्यावर तो बसतो तो पत्रा) वाकलाय. आधी तो ओढून घ्यावा लागेल.