मागचे ब्रेक पॅड: घरी बदलावेत, मिस्त्रीकडे की सर्व्हिस सेंटरला?

"काका, मागचे पॅड घरी जमतील का ओ?" जुळे सोलापुरात आमच्या गल्लीत हा प्रश्न मला वरचेवर येतो. विचारणाऱ्याच्या डोक्यात मजुरीचा हिशेब असतो. मी त्याला आधी गाडीपाशी नेतो आणि हँडब्रेक दाखवायला सांगतो. घर, गल्लीतलं गॅरेज की कंपनीचं सर्व्हिस सेंटर, याचं निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

त्याआधी एक खात्री करा. स्विफ्ट, वॅगनआरसारख्या गाड्यांना मागे ड्रम असतात, त्यात पॅड नसून लायनर असतात. ते काम वेगळं आहे. क्रेटाच्या बऱ्याच मॉडेलांसारखी मागेही डिस्क असेल, तरच पुढचं वाचा.

दोन सीटच्या मध्ये ओढायचा दांडा असेल, तर चाकामागे वाकून बघा. पॅड डिस्कवर दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर. हँडब्रेकची केबल त्याच्यावरच्या छोट्या दांडीला जोडलेली दिसली, म्हणजे कॅलिपरचा पिस्टन, पॅड ढकलणारा दट्ट्या, दोन कामं करतो: पायाच्या ब्रेकचं आणि हँडब्रेकचंही. त्याच्या पोटात आट्यांची यंत्रणा असते. पॅड झिजतील तसा पिस्टन तिच्यामुळे बाहेर सरकत राहतो. नवीन जाड पॅड बसवायचे तर तो परत आत न्यावा लागतो, आणि तो फिरवत फिरवतच आत जातो. बहुतेक गाड्यांत उजवीकडे फिरवतात, काहींत एका बाजूचा उलटा फिरतो. दांड्याऐवजी बटण असेल, तर बहुतेक गाड्यांत कॅलिपरवर मोटर बसवलेली असते. ती बहुधा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, लावून सर्व्हिस मोडमध्ये मागे घ्यावी लागते. पिस्टन जबरदस्तीने दाबला तर आतले गिअर तुटू शकतात. बटणवाल्या गाडीला माझं उत्तर ठरलेलं आहे: सर्व्हिस सेंटर, किंवा त्या गाडीसाठी चालणारा स्कॅनर असलेलं गॅरेज. घरी नको.

मिस्त्रीकडे जाण्यात गैर काहीच नाही. आपल्याकडचे जुने मिस्त्री आवाजावरून दोष ओळखतात, तासाभरात गाडी हातात देतात आणि मजुरीही परवडते. पण समोर उभं राहा. एका गॅरेजमध्ये मी गाडी सोडून चहाला गेलो होतो. पोराने पिस्टन न फिरवता मोठ्या क्लॅम्पने दाबून आत ढकलला. पायाचा ब्रेक व्यवस्थित लागत होता, म्हणून मला काही कळलं नाही. पुढच्या आठवड्यात तुळजापूरला उतारावर गाडी लावली, हँडब्रेक पूर्ण ओढला, आणि आई दार उघडून एक पाय खाली टाकत असताना गाडी सरकली. मी ब्रेकवर पाय मारला म्हणून निभावलं. आतल्या आट्या गेल्या होत्या, एका बाजूचा अख्खा कॅलिपर बदलावा लागला. तेव्हापासून मागचे पॅड मी स्वतःच बदलतो.

घरी करण्यात पैसे वाचतात, पण पहिल्या वेळी फार नाही. पिस्टन फिरवायचा किट दीड-दोन हजारांच्या आसपास पडतो, वर दोन जॅक स्टँड आणि बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क पाना. माझ्या लेखी खरा फायदा निवांतपणाचा आहे. पॅड काढले की आतला आणि बाहेरचा शेजारी ठेवून बघायला मिळतात. आतला जास्त झिजला असेल तर कॅलिपर ज्या स्लायडर पिनांवर सरकतो त्या अडकल्यात, किंवा पिस्टन परत येत नाही. आपल्याकडे आठ महिने धूळ, आणि गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेली काळी माती. पिनेचं रबर फाटलं की ती आत जाऊन बसते. गर्दीच्या गॅरेजमध्ये नवे पॅड ठोकून गाडी सोडतात, पिना तशाच राहतात आणि नवे पॅडही तसेच तिरके झिजतात. घरी मी पिना काढतो, पुसतो आणि ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावतो. बेअरिंगचं साधं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं.

जागेचा विचार मात्र आधी करा. शहाबादी फरशीवर थेट जॅक लावला तर फरशी फुटते, आणि एप्रिलच्या दुपारी डांबरात स्टँड रुततो. खाली जाड फळी हवीच. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि हँडब्रेक सोडा. हँडब्रेक ओढलेला राहिला तर पिस्टन आत जाणार नाही. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाकाशी बसायचं नाही, यात मी कुणाचंच ऐकत नाही. कॅलिपर काढला की तारेने वर बांधा, ब्रेकच्या नळीवर लटकू देऊ नका. पिस्टन आत जाताना वरच्या डबीतलं ब्रेक ऑइल वर चढतं. ते रंगावर सांडलं तर रंग उठतो, म्हणून डबीभोवती कापड ठेवा. पिस्टनच्या तोंडावरची खाच आणि पॅडच्या पाठीवरचा खुंट जुळलाय का ते पाहा, इथे बरेच जण चुकतात. धूळ फुंकर मारून उडवू नका, ब्रेक क्लीनरने धुवा. एका बाजूचे पॅड चांगले दिसले तरी दोन्ही चाकांचे एकदमच बदला. बोल्ट किती आवळायचे याचे आकडे तुमच्याच गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

सर्व्हिस सेंटरला मजुरी जास्त लागते आणि बहुतेक ठिकाणी गाडीपाशी उभं राहू देत नाहीत. बदल्यात मूळ पार्ट, बिल आणि वॉरंटी मिळते. गाडी वॉरंटीत असेल तर दुसरीकडे जाऊच नका. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. तुमची डिस्क त्याच्या जवळ आली असेल, तरीही तिथेच मोजून घ्या.

काम कुठेही करा, चाक हलण्याआधी ब्रेकचा पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचा. पहिला दाब थेट तळाला जातो, आणि हे विसरून गाडी काढणारा गेटवर जाऊन आदळतो. मग पहाटे मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून आठ-दहा वेळा हळूहळू वेग कमी करायचा, म्हणजे पॅड डिस्कला बसतात. शेवटी उतारावर हँडब्रेक तपासा.

परवा दोघांनी विचारलं. मेहुण्याच्या गाडीला बटण आहे, त्याला सर्व्हिस सेंटरला पाठवलं. शेजारच्या देशमुख काकांना दांडा आहे, पण कंबर दुखते. ते मिस्त्रीकडे जाणार आहेत, आणि माझा किट घेऊन मी त्यांच्यासोबत जाणार आहे.