२८८ मतदारसंघांचा भिंतीवरचा नकाशा: घ्या, पण जुना स्टॉक बघून घ्या

लेकीच्या नववीच्या अभ्यासासाठी अप्पा बळवंत चौकातून महाराष्ट्र विधानसभेचा मोठा नकाशा आणला, लॅमिनेटेड, १२० रुपये. आता दोन महिने झाले हॉलच्या भिंतीवर आहे आणि खरं सांगतो, एवढे पैसे वसूल झालेली वस्तू घरात दुसरी नाही.

नकाशावर प्रत्येक मतदारसंघाला नंबर आहे. नंबर १ अक्कलकुवा, पार वर नंदुरबारला, आणि शेवटचा २८८ म्हणजे सांगलीतला जत. आदिवासी राखीव जागा हिरव्या, एकूण २५, त्यात नंदुरबारच्या चारही जागा हिरव्या, बघितल्या बघितल्या लक्षात राहतं. अनुसूचित जातींच्या २९ जागा मात्र जवळपास तशाच पोपटी रंगात छापल्यात, संध्याकाळी ट्यूबलाइटमधे फरकच कळत नाही, हे चुकलंय.

सगळ्यात भारी म्हणजे लोकसभेच्या जाड रेघा. आम्ही चिंचवडचे, नंबर २०५. लेकीने रेघेवरून बोट फिरवत नेलं ते घाट उतरून थेट पनवेल, कर्जत, उरणला पोचलं आणि म्हणाली, "बाबा, उरणच्या लोकांचा आणि आपला खासदार एकच?" हो, मावळ लोकसभेत तीन जागा पुणे जिल्ह्यातल्या आणि तीन रायगडातल्या. मग तिने स्वतःच मोजलं, ४८ खासदार, प्रत्येकाखाली सहा आमदार, झाले २८८. मला हे पन्नाशीत कळलं तिला चौदाव्या वर्षी कळलं, फार बरं वाटलं.

खालच्या चौकटीत माहिती चांगली आहे, उमेदवार किमान २५ वर्षांचा हवा, मुदत पाच वर्षं, बहुमताला १४५, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून आला मग ती निम्म्यापेक्षा कमी असली तरी चालतं, आणि अध्यक्ष आमदारच आपल्यातून निवडतात. पण तिथेच मोठी चूक आहे, एकूण सदस्य २८९ छापलेत! राज्यपाल एक अँग्लो-इंडियन सदस्य नेमायचे ती तरतूद जानेवारी २०२० मधे संपली, म्हणजे हा माल त्याआधीचा. मतदारसंघांच्या हद्दी २००८ च्याच असल्याने नकाशा बाद होत नाही, पण मुलं परीक्षेत २८९ लिहून येतील त्याचं काय? मी तिथे पांढरी पट्टी चिकटवून २८८ लिहिलंय.

आणि मुंबईच्या ३६ जागा एका अंगठ्याखाली झाकल्या जातात, भिंग लागतं, त्यांचा वेगळा मोठा चौकोन द्यायलाच हवा होता.

पाचपैकी साडेतीन. दुकानात गुंडाळी उघडायला लावा आणि आधी खालचा आकडा वाचा.