लेझरचे पैसे घेतले आणि फोम सोडला

पायाच्या फुगलेल्या शिरांवर बिनटाक्याचा उपाय करून घ्यायचं कुणाच्या घरात चाललं असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. माझ्या दादाकडून दोन्ही पायांच्या लेझरचे १ लाख ६० हजार रुपये घेतले आणि प्रत्यक्षात इंजेक्शनने फोम, म्हणजे औषधाचा फेस, शिरेत सोडून त्याला घरी पाठवलं.

दादा इचलकरंजीत यंत्रमागावर आहे. बारा-बारा तास उभ्याचं काम. पोटऱ्यांवर शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या, संध्याकाळी पाय सुजायचे, डाव्या घोट्यापाशी कातडी काळी पडून खाज सुटायची. एका मंगल कार्यालयात मोफत तपासणी शिबिर होतं, तिथे तो गेला. आडवं झोपवूनच घाईघाईत डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केला आणि सांगितलं की गुठळी होऊन फुफ्फुसात जाईल, नाहीतर पाय कापायची पाळी येईल. आजच नाव नोंदवलं तर सवलत. वहिनीचे दागिने पतसंस्थेत ठेवून पैसे भरले. हातावर पोट असलेल्या माणसाला पाय जाईल म्हणून सांगितल्यावर तो दुसरं काय करणार? अशा शिरांनी पाय कापायची वेळ सहसा येत नाही, हे आम्हाला नंतर कळलं.

पावसाळ्यात शिरा पुन्हा वर आल्या आणि घोट्यापाशी जखम झाली. मग मिरजेला रक्तवाहिन्यांच्या सर्जनांना दाखवलं. त्यांनी दादाला उभं करून डॉपलर केला. पोटरी दाबून सोडली की रक्त खाली परततं का, किती वेळ परततं, ते पाहिलं. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ रक्त उलटं वाहिलं तर शिरेतल्या झडपा निकामी झाल्या असं धरतात. उपचारात जी बंद करायची असते, ती जांघेपासून घोट्यापर्यंत जाणारी दादाची मुख्य शीर पूर्ण उघडी होती, दोन्ही पायांत. डॉक्टर म्हणाले, “लेझर केल्यावरही कधी कधी शीर उघडते, त्यामुळे एवढ्यावरून मी काही म्हणणार नाही. त्या दिवशी काय काय केलं ते आठवून सांगा.”

दादाने सांगितलं. प्रत्येक मांडीत एकच सुई. शेजारी दोन सिरिंज एकमेकींना जोडून औषध इकडून तिकडे घुसळत होते, त्याचा पांढरा फेस झाला आणि तोच आत सोडला. मग पट्टी बांधून चालायला लावलं. दोन्ही पाय मिळून अर्धा तासही लागला नाही.

ही सगळी फोमची पद्धत आहे. पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिलसारखं औषध हवेत घुसळून फेस करतात, तो शिरेचं अस्तर जाळतो आणि शीर चिकटून बंद होते. लेझरमध्ये सोनोग्राफीवर बघत शिरेत फायबर, म्हणजे लेझरचा प्रकाश नेणारी बारीक तार, सरकवतात आणि आतून उष्णता देत शीर बंद करतात. त्याआधी मांडीत ठिकठिकाणी सुया टोचून शिरेभोवती भुलीचं पातळ द्रावण भरावं लागतं, नाहीतर ती उष्णता सहन होणार नाही. लेझर चालू असताना खोलीतल्या सगळ्यांनी, पेशंटनेसुद्धा, खास चष्मा घालायचा असतो. दादाला ना त्या सुया टोचल्या, ना कुणी चष्मा घातला.

रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे लेझरऐवजी रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर बंद करायची पद्धत, तिच्यातही भुलीचं द्रावण भरतातच. तिथे कॅथेटरचं (शिरेत घालायच्या बारीक नळीचं) टोक १२० अंशांपर्यंत तापवून साधारण ७-७ सेंटिमीटरचा तुकडा बंद करत मागे येतात. चौथा प्रकार ग्लू, म्हणजे वैद्यकीय गोंद, त्याला मात्र ते द्रावण लागत नाही. कॅथेटर घालायच्या जागेपुरती भूल देतात आणि शीर चिकटवून टाकतात. तो महाग असतो आणि काहींना त्याची ॲलर्जी येते. चारही प्रकारांत बाहेरून दिसतो तो सुईचा एवढासा ठिपका. आत काय गेलं हे पेशंटला कळायला मार्ग नाही, आणि नेमका याचाच फायदा घेतला गेला.

फोम वाईट नाही, हे मला मनापासून सांगायचंय. वेड्यावाकड्या शिरा, आधीच्या उपचारानंतर उरलेल्या शिरा, जिथे फायबर सरकत नाही अशा जागा, तिथे तोच चांगला. पण मोठी मुख्य शीर निकामी असेल तर ती फोमने बंद झाल्यावर पुन्हा उघडायची शक्यता जास्त. उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ सालीच क्रम लावून दिलाय: आधी लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी, ते जमण्यासारखं नसेल तर फोम, तेही जमत नसेल तर ऑपरेशन. तिथेच ७९८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात पाच वर्षांनंतर शिरांच्या त्रासाच्या बाबतीत लेझर आणि ऑपरेशनवाले फोमवाल्यांपेक्षा बरे राहिले. शिवाय फोमचं औषध लेझरच्या फायबरच्या मानाने फार स्वस्त असतं. स्वस्तातलं देऊन महागातलं बिल लावलं, माझा राग त्यावर आहे.

मी बिल काढून पाहिलं तर त्यात ‘लेझर फायबर’ म्हणून २८ हजारांची वेगळी ओळ. क्लिनिककडे केस पेपर मागितले तर आज या, उद्या या. मग लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. वैद्यकीय परिषदेच्या नियमाप्रमाणे अर्ज केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात, हे त्यात लिहिलं. कागद आले. ऑपरेशनच्या नोंदीत ‘दोन्ही पाय लेझर’ एवढंच. किती ऊर्जा दिली, किती लांबीची शीर बंद केली, काही नाही. फायबरच्या पाकिटावर लॉट नंबरचं स्टिकर असतं, ते केस पेपरला चिकटवतात. तेही नाही. संमतीपत्रात पद्धतीचं नाव वेगळ्या शाईत आहे. गाऊन घातल्यावर, आत नेता नेता दादाची सही घेतली, तेव्हा ती जागा कोरी होती असं तो ठामपणे सांगतो.

म्हणून पैसे भरण्याआधी कोटेशनवर पद्धतीचं नाव, कोणती शीर आणि कोणता पाय हे लिहून घ्या. डॉपलर उभं राहूनच करून घ्या आणि त्याचा रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. आत जाण्याआधीच सांगून ठेवा की फायबरचं, कॅथेटरचं किंवा ग्लूचं स्टिकर आम्हाला डिस्चार्ज कार्डावर लावून हवं. खरं काम करणारा डॉक्टर याला नाही म्हणत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी डाव्या पायाचं काम केलं तेव्हा न मागता लावून दिलं.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि सुरुवातीला काही विचारायचं असेल तर १९१५ या हेल्पलाइनवर माहिती मिळते. नोटीस गेल्यावर क्लिनिककडून फोन आला, अर्धे पैसे परत देतो, तक्रार नाही असं लिहून द्या. दादाने नाही म्हणून सांगितलं. त्याच शिबिरातून गेलेले आणखी लोक इचलकरंजीत आहेत. त्यांनी आपापली बिलं काढून त्यात फायबरची ओळ आहे का आणि केस पेपरला स्टिकर आहे का ते बघावं, आणि ओळ असून स्टिकर नसेल तर लेखी अर्ज लगेच द्यावा.