पहिल्या स्पर्धेसाठी मिराजचे किट घ्यावे की ७५ मिमीची फिगर? ग्वाल्हेरच्या नवोदितांसाठी तुलनात्मक आढावा

ग्वाल्हेरच्या माणसाला मॉडेलसाठी विषय शोधत फिरावे लागत नाही. महाराजपूरच्या तळावर १९८५ पासून असलेली मिराज २००० लढाऊ विमाने शहरातील लष्कर आणि मुरार या भागांतील गच्च्यांवरून दिसतात, आणि त्याच शहरात महादजी शिंद्यांचे कंपू (कवायती पलटणी), शिंदेशाही पगडी, तलवारी आणि स्मारक-छत्र्या यांचा वारसा डोळ्यांसमोर उभा असतो. त्यामुळे ज्याने घरी दोन-चार किट जोडली आहेत आणि आता प्रथमच एखाद्या क्लबच्या स्पर्धेत आपले काम मांडायचे ठरवले आहे, त्याच्यापुढचा प्रश्न विषयाचा नसून प्रकाराचा असतो. सुटे भाग जोडून करायचे विमानाचे प्लास्टिक किट घ्यावे, की एकच फिगर, म्हणजे माणसाची लहान मूर्ती, घेऊन ती मन लावून रंगवावी? माझे मत आधीच नोंदवतो. घरात एअरब्रश, म्हणजे रंगाची बारीक फवारणी करणारे साधन, नसेल तर ७५ मिमीची फिगर घ्यावी. एअरब्रश असेल आणि मन विमानातच असेल तर १/४८ मापाचे मिराज घ्यावे. १/७२ मापाचे विमान मात्र पहिल्या स्पर्धेसाठी निवडू नये.

या शेवटच्या मताला अनेकांचा विरोध असतो, कारण १/७२ हे माप स्वस्त, सुटसुटीत आणि शिकाऊ माणसाचे मानले जाते. खऱ्या मिराजची लांबी १४.३६ मीटर आणि पंखविस्तार ९.१३ मीटर आहे. म्हणजे १/७२ मध्ये ते जवळजवळ २० सेंटिमीटर लांबीचे होते आणि १/४८ मध्ये ३० सेंटिमीटरचे. लहान मॉडेल सोपे असते हा समज मात्र चुकीचा आहे. पॅनलच्या रेषेची, म्हणजे विमानाच्या पत्र्यांमधील जोडरेषेची, रुंदी ०.२ मिलिमीटर धरली, तर १/७२ मध्ये ती खऱ्या विमानावर जवळपास दीड सेंटिमीटरची फट ठरते. लहान मापात प्रत्येक रेषा, रंगाचा प्रत्येक थर आणि गोंदाचा प्रत्येक ओघळ प्रमाणाबाहेर जाड दिसतो, आणि परीक्षकाच्या हातात टॉर्च असतो. १/४८ मध्ये बोटांना जागा मिळते आणि चूक दुरुस्त करायला वावही मिळतो.

विमानाच्या किटमध्ये खरी कसोटी रंगाची नसून जोडाची असते. मिराजच्या धडाचे दोन अर्धे भाग एकत्र धरून पातळ प्लास्टिक सिमेंट ब्रशने फटीला लावले की ते आपोआप आत ओढले जाते आणि दोन्ही कडांचे पॉलिस्टायरीन विरघळवून एकजीव करते. त्या क्षणी हलका दाब दिला, तर वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड सांध्यावर वर येते. ती आली म्हणजे आत पोकळी राहिलेली नाही. पुढची चूक इथेच होते. वरून कोरडा वाटणारा सांधा आतून मऊ असतो, आणि त्याच संध्याकाळी तो घासला तर काही दिवसांनी प्लास्टिक आक्रसून तिथे बारीक खाच उमटते. किमान दोन दिवस थांबावे. मग ४००, ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून क्रमाने फिरवावा, पुसल्या गेलेल्या पॅनल रेषा सुईने पुन्हा कोराव्यात आणि चंदेरी रंगाचा एक पातळ हात देऊन सांधा तिरक्या उजेडात पाहावा. चंदेरी रंग कोणताही दोष लपवत नाही. मिराजमध्ये हवा ओढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या नळ्या, त्यांच्या तोंडाशी असलेले अर्धशंकू आणि पंखाच्या पोटाकडचा जोड या जागा विशेष तापदायक असतात.

त्यानंतर त्रिकोणी पंखाचा प्रश्न येतो. डेल्टा पंख म्हणजे मोठा, सलग, उघडा पृष्ठभाग, आणि त्यावर निळसर करड्या रंगाचा सपाट, एकसारखा थर हाताच्या ब्रशने देणे नवोदिताला जवळजवळ अशक्य आहे. म्हणूनच एअरब्रश आणि कंप्रेसर हा खर्च विमानाच्या वाटेवर टाळता येत नाही, आणि तो एका किटच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. डिकल, म्हणजे खुणांची पातळ पारदर्शक चित्रे, लावण्यापूर्वी चकचकीत वार्निशचा थर हवाच. तो नसेल तर पारदर्शक कडांखाली हवा अडकते आणि ती जागा चांदीसारखी चमकते. परीक्षक हा दोष दुरूनच ओळखतो.

फिगरची पूर्वतयारी त्यामानाने थोडकी आहे. ७५ मिमीची रेझिन फिगर बहुधा मोजक्या सुट्या भागांत येते. साच्यातून सुटावे म्हणून लावलेला तेलकट लेप कोमट साबणाच्या पाण्याने धुवावा लागतो. प्लास्टिक सिमेंट रेझिनवर काम करत नाही, त्यामुळे सुपरग्लू लागतो, आणि वजनदार भागांत तारेची पिन घालावी लागते. रेझिन घासताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नये. मास्क लावावा आणि पाण्याखाली घासावे. हा नियम घरात लहान मुले असोत वा नसोत, पाळायलाच हवा.

फिगरचा खरा विषय मात्र चेहरा आहे, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. ७५ मिमी म्हणजे साधारण १/२४ चे प्रमाण. या मापात माणसाचे डोके जेमतेम एक सेंटिमीटर उंच असते. ५४ मिमीत, म्हणजे साधारण १/३२ मध्ये, ते ७ मिलिमीटरच उरते, आणि १/१० च्या अर्धपुतळ्यात सव्वादोन सेंटिमीटरांपर्यंत जाते. पहिल्या कामासाठी ७५ मिमी सुचवण्याचे कारण हेच, की डोळ्याला जागा पुरते आणि गालाचा विस्तार मात्र इतका मोठा नसतो की रंगछटा मिसळताना हात दमावा. आधी काळा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पायाचा थर, सगळीकडे द्यावा, मग पांढरा फक्त वरून, मध्यान्हीच्या उन्हासारखा. कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचे उंचवटे आणि खालचा ओठ उजळतात, डोळ्यांच्या खोबणी आणि हनुवटीखालचा भाग अंधारात राहतो, आणि पुढच्या सगळ्या रंगांसाठी प्रकाशाचा नकाशा हाती येतो. दुकानात ‘स्किन’ या नावाने मिळणारा गुलाबी रंग युरोपीय चेहऱ्याचा असतो. आपल्याकडच्या सैनिकासाठी तांबूस तपकिरी हा पाया घ्यावा, सावलीत काळा न मिसळता मरून आणि किंचित निळा मिसळावा, आणि उजेडासाठी पांढऱ्याऐवजी पिवळसर बदामी रंग घ्यावा, कारण पांढऱ्याने सावळी त्वचा राखेसारखी दिसू लागते. डोळ्याचे बुबुळ पूर्ण गोल काढून मधोमध ठेवले की माणूस दचकलेला दिसतो. ते वरच्या पापणीला टेकलेले असावे, आणि वरच्या पापणीची कड गडद तपकिरी असावी. खालची कड रंगवूच नये.

पगडीच्या बाबतीत बाजारातील फिगर आपल्याला फारशी साथ देत नाहीत. नेपोलियनकालीन, रोमन आणि दुसऱ्या महायुद्धातील विषय मुबलक आहेत, मराठा विषय मात्र फारच कमी. त्यामुळे एखाद्या घोडेस्वाराच्या किंवा पायदळाच्या फिगरवरून टोपी कापून तिथे एपॉक्सी पुट्टीने शिंदेशाही पगडी घडवणे हा ग्वाल्हेरच्या माणसासाठी सर्वांत समाधानाचा मार्ग आहे. लोखंडी सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळणारी एमसील यासाठी चालते, पण ती लवकर कडक होते आणि तिचा पोत भरड असतो. म्हणून तिने आतला गोळा करावा आणि वरच्या चुण्यांसाठी मॉडेलची बारीक पुट्टी वापरावी. महादजींचा पाय १७६१ मध्ये पानिपतावर जायबंदी झाला आणि ते आयुष्यभर लंगडत चालले, ही गोष्ट मनात ठेवून एखाद्याने फिगरच्या गुडघ्यात छेद घेऊन वजन एका पायावर टाकले, तर त्या कामात असा आशय येईल जो कोणत्याही महागड्या किटच्या डब्यातून येत नाही.

हवामानाचा विचार परगावच्या मार्गदर्शनात सहसा नसतो, आणि इथे तो निर्णायक ठरतो. मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि लू, म्हणजे उष्ण वारे, सुटते. अशा दिवसांत ॲक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच सुकतो आणि एअरब्रशची सुई पुन्हापुन्हा तुंबते. फिगर रंगवणाऱ्याला ओल्या पॅलेटने, म्हणजे डब्यात भिजवलेला स्पंज आणि त्यावर बटर पेपर ठेवून, यावर मात करता येते. एअरब्रशवाल्याला रंगात तो सावकाश सुकवणारा रिटार्डर घालून पहाटे काम करावे लागते, आणि तरीही ओल्या वार्निशवर धूळ बसण्याचा धोका राहतोच. पावसाळ्यात उलट घडते. दमट हवेत वार्निश दुधाळ होते आणि कंप्रेसरच्या नळीत पाणी साठते, म्हणून पाणी अडवणारा फिल्टर नसेल तर श्रावण संपेपर्यंत विमान रंगवायला घेऊ नये. ब्रशने काम करणारा मात्र वर्षातील जवळजवळ प्रत्येक संध्याकाळी काम करू शकतो.

आता परीक्षणाकडे वळू, कारण निवडीचा बराचसा भार त्यावरच आहे. इंटरनॅशनल प्लास्टिक मॉडेलर्स सोसायटी ही संस्था १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली, आणि तिच्या शाखांतून जगभर पसरलेल्या परंपरेत विमानाचे परीक्षण प्रथम मूलभूत बाबींवर होते: सांधे दिसतात का, समोरून पाहता पंख आणि शेपूट सरळ आहेत का, चाके जमिनीला टेकतात का, काचेवर गोंदाचे धुके आहे का, डिकल चमकतात का. अशा परीक्षणात मॉडेल दोषांमुळे मागे पडते. लक्ष्य टिपणारा लायटनिंग पॉड आणि लेझरच्या साह्याने दिशा घेणारे बॉम्ब लावून कारगिलच्या काळातील मिराज कितीही अभ्यासपूर्वक सजवले, तरी पोटाखालचा सांधा दिसला तर ते पहिल्या फेरीतच बाजूला पडते. फिगरच्या स्पर्धांत पुष्कळ ठिकाणी शिकागोच्या फिगरकारांनी रूढ केलेली खुली पद्धत असते. तिच्यात काम शेजारच्या कामाशी न ताडता ठरलेल्या दर्जाशी ताडले जाते, आणि पात्रता असेल तितक्या जणांना सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य मिळते. नवोदिताला ही पद्धत अधिक न्याय्य वाटेल, कारण कांस्यपदक मिळाले तर ते आपल्या कामाचे असते, त्या दिवशी कोण आले नाही याचे नसते. तरीही नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना पद्धत विचारावी, कारण काही स्पर्धांचे नियम फार वेगळे असतात. १९८७ पासून होणाऱ्या गोल्डन डेमन या स्पर्धेत फक्त गेम्स वर्कशॉप या कंपनीच्याच फिगर चालतात.

खर्चाच्या बाबतीत फार गुंता नाही. दोन्ही वस्तू बहुतेक बाहेरूनच मागवाव्या लागतात आणि त्यांवर टपाल व सीमाशुल्क पडते. मिराजसाठी १/४८ मध्ये कायनेटिकचे किट आहे आणि हेलरचे जुनेही आहे. डब्यात भारतीय खुणांची डिकल्स आहेत की नाहीत हे आधी पाहावे, नसतील तर ती वेगळी घ्यावी लागतात. फिगरसाठी एक नंबरचा चांगला सेबल (मऊ नैसर्गिक केसांचा) ब्रश, दहा-बारा मॅट रंग आणि प्रायमरचा एक डबा एवढ्यावर सुरुवात होते. कॅमलिनचे ॲक्रिलिक रंग कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात आणि माती, दगड, पायथा यांना ते उत्तम आहेत, पण त्यांची चमक चेहऱ्यावर शोभत नाही. एका बाबतीत मात्र तडजोड नको. मूळ शिल्पकाराच्या परवानगीशिवाय साचा काढून ओतलेल्या स्वस्त नकला ऑनलाइन सर्रास विकल्या जातात. त्यांत तपशील पुसट असतो, आणि शिल्पकाराचे श्रम त्यात चोरले जातात. अशी फिगर स्पर्धेत ठेवू नये. थ्रीडी प्रिंटची फाइल विकत घेतली असेल तर तिचा परवाना तपासावा.

संदर्भ गोळा करताना विमानवाल्याने तळाच्या भिंतीजवळ कॅमेरा घेऊन जाऊ नये. ती संरक्षित जागा आहे, आणि वायुसेनेने प्रसिद्ध केलेली छायाचित्रे पुरेशी असतात. फिगरवाल्याची इथे चंगळ आहे. जयविलासच्या संग्रहालयातील शस्त्रे, वस्त्रे आणि चित्रे जवळून पाहता येतात, आणि पगडीचा पेच कोणत्या बाजूने बसतो हे सांगणारे वडीलधारे लष्कर भागातील अनेक मराठी घरांत अजून आहेत.

प्रवासाचा मुद्दा लहान वाटतो, पण अनुभवी माणसे तो सर्वांत आधी विचारात घेतात. स्पर्धा दिल्लीत असो वा मुंबईत, मॉडेल बहुधा रेल्वेतून जाणार. मिराजच्या नाकावरची वेग मोजणारी पिटो नळी, चाकांचे पाय आणि अँटेना डब्यातील धक्क्यांत तुटतात; त्यामुळे ती नळी धातूची बसवावी आणि फोममध्ये विमानाच्या आकाराचा खाचा कापून त्यात ते बसवावे. फिगरच्या लाकडी पायथ्याला खालून एक स्क्रू देऊन तो डब्याच्या तळाशी घट्ट केला, की आत काहीही फिगरला स्पर्श करत नाही.

वेळ मोजून बघितला तर फरक आणखी स्पष्ट होतो. विमानात चूक थरांखाली गाडली जाते आणि शेवटच्या आठवड्यात वर येते, तेव्हा तिच्यापर्यंत पोहोचायचे तर डिकलसह सगळे खरवडावे लागते. फिगरवरचा बिघडलेला गाल मात्र निघण्याच्या आदल्या रात्रीही पातळ थरांनी पुन्हा रंगवता येतो. म्हणून ज्याची नोकरी किंवा दुकान संध्याकाळी तासभरच मोकळीक देते, त्याने फिगर घ्यावी. ज्याला सुट्टीचे सलग दिवस मिळतात, गच्चीवर फवारणीसाठी आडोसा आहे आणि सांधा नाहीसा होईपर्यंत घासत बसण्यात ज्याला खरेच आनंद वाटतो, त्याने मिराज घ्यावे. जोडकाम दिवाळीपूर्वी संपवावे आणि रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या, थंड दिवसांत द्यावा, धुक्याच्या सकाळी टाळून दुपारच्या उन्हात.