चाइल्ड-प्यू की मेल्ड: लिव्हर प्रत्यारोपणासाठी कोणता आकडा धरायचा?

सिरोसिसच्या (यकृतावर व्रण धरून ते निकामी होत जातं त्या आजाराच्या) फाईलमध्ये ‘चाइल्ड सी’ आणि ‘मेल्ड २४’ असे दोन शेरे शेजारीशेजारी दिसतात आणि घरचे दोन्हींचा अर्थ ‘फार वाईट’ एवढाच काढतात. दोन्ही यकृत किती बिघडलंय हे सांगणारे गुण, जास्त म्हणजे वाईट, पण दोन्हींचं काम वेगळं आहे. प्रत्यारोपणाच्या रांगेतला नंबर ठरवायला मेल्डच हवा. रुग्णाचे रोजचे हाल चाइल्ड-प्यूमधून जास्त कळतात.

चाइल्ड आणि टरकॉट यांनी १९६४ मध्ये मांडलेली पद्धत प्यू यांनी १९७३ मध्ये सुधारली. बिलिरुबिन (काविळीचा आकडा), अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन), रक्त गोठण्याची चाचणी, पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम, प्रत्येकाला १ ते ३ गुण. ५-६ म्हणजे ए, ७ ते ९ बी, १० ते १५ सी. हिशेब बोटांवर होतो. पण पाणी ‘थोडं’ की ‘मध्यम’ हे तपासणाऱ्याच्या नजरेवर, आणि बिलिरुबिन ३ च्या वर गेलं की गुण ३ वरच अडकतात.

मेल्ड मेयो क्लिनिकमध्ये तयार झाला, तोही मुळात यकृतातल्या रक्तदाबासाठी स्टेंट घातलेल्या रुग्णांचा धोका मोजायला. त्यात बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठण्याचा आकडा) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा आकडा) एवढंच. नजरेचा प्रश्न येत नाही. अमेरिकेने २००२ पासून वाटपासाठी तो घेतला, गुण ६ ते ४०. त्याआधी तिथे रांगेत किती दिवस काढले यालाही बराच भाव होता. २०१६ मध्ये त्यात सोडियम आलं, २०२३ मध्ये स्त्री-पुरुष फरकही धरणारा मेल्ड ३.० आला.

आकडे घालून बघू. बिलिरुबिन ३.२, आयएनआर १.८, क्रिएटिनिन ०.९, सोडियम १२६, अल्ब्युमिन २.६, पोटात बऱ्यापैकी पाणी, शुद्ध व्यवस्थित. चाइल्ड-प्यू १२, म्हणजे सी. जुना मेल्ड १७, सोडियम धरलं की २६. आता बाकी सगळं तेच ठेवून बिलिरुबिन २० करा. चाइल्ड-प्यू १२ च राहतो, जुना मेल्ड २४ वर जातो आणि सोडियमसह ३०. दोघांतला कोण जास्त धोक्यात हे चाइल्ड-प्यू सांगूच शकत नाही.

मेल्ड ३.० मध्ये पहिलेच रिपोर्ट पुरुषाचे असतील तर २४, बाईचे असतील तर २६. ही मेहेरबानी नव्हे. बायकांचे स्नायू कमी, त्यामुळे मूत्रपिंड बिघडूनही क्रिएटिनिन फारसं वाढत नाही आणि वर्षानुवर्षं त्या रांगेत मागे राहत होत्या.

मग मेल्डच बघावा का? माझ्या मते, नुसता नाही. दर आठवड्याला पोटातलं पाणी काढावं लागतंय, माणूस मधूनच बरळतोय आणि मेल्ड १४, असे रुग्ण असतातच. सूत्राला पाणी आणि बरळणं दिसत नाही. साधारणपणे मेल्ड १५ च्या खाली ऑपरेशनचा धोका फायद्यापेक्षा जड मानतात, पण अशा रुग्णाला तोच नियम लावणं मला पटत नाही. यकृताच्या कॅन्सरमध्येही मेल्ड कमी दिसतो. म्हणून अमेरिकेत त्यांना वेगळे गुण देतात.

आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणं घरातल्या माणसाने दिलेल्या यकृताच्या तुकड्यावर होतात. दाता घरचाच असेल तर रांगेचा प्रश्न नाही. प्रश्न ‘आत्ता की सहा महिन्यांनी’ एवढाच. तिथे दोन्ही आकडे समोर ठेवून बोला. मेंदूमृत दात्याचं यकृत हवं असेल तर महाराष्ट्रात नोंद मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय केंद्रात रुग्णालयामार्फत होते. नंबर कोणत्या निकषावर लागतो हे तिथेच विचारा.

आणि फाईलवर नुसतं ‘मेल्ड’ लिहिलं असेल तर कोणता आणि कोणत्या तारखेच्या रिपोर्टवरून, हेही विचारा. वॉरफेरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असेल तर आयएनआर औषधानेच वाढतो आणि मेल्ड उगाच फुगतो. नुकताच प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) चढवला असेल तर उलट होतं.