ऑफिसातून निघालेला रॅकमाउंट फायरवॉल सोलापूरच्या घरात: आठ महिन्यांनंतर

उन्हाळा निघाला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. ऑक्टोबरमध्ये डबा आणला तेव्हाच चार ओळी लिहिता आल्या असत्या, पण सोलापुरातला मे महिना काढल्याशिवाय चोवीस तास चालणाऱ्या यंत्राबद्दल बरं बोलू नये असं माझं मत आहे.

डबा म्हणजे पुण्याच्या एका कार्यालयातून निघालेला १यू उंचीचा (रॅकच्या एका खणाएवढा चपटा) फायरवॉल, म्हणजे इंटरनेट आणि आतलं नेटवर्क यांच्यामध्ये बसून ये-जा तपासणारं यंत्र. लायसन्स आणि सपोर्ट संपला की ही यंत्रं धडधाकट असूनही भंगारात येतात. पण लायसन्स असतं ते कंपनीच्या सॉफ्टवेअरचं. आत साधा पीसीच असतो. माझ्यात सेलेरॉन जी१८२० प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर३ रॅम, जुनी हार्ड डिस्क आणि इंटेलचे सहा गिगाबिट पोर्ट निघाले. विकणारा म्हणाला, "मालक, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. चालू होतंय एवढं बघून घ्या." जुनं सगळं पुसायचंच होतं, त्यामुळे पासवर्डवाचून काही अडलं नाही. डबा ४,५०० रुपयांना पडला. पुढे रॅम, एसएसडी, कन्सोल केबल आणि एक जुना प्रोसेसर धरून साडेसात हजारांच्या थोडं वर गेलं.

मॉनिटर जोडायला जागाच नाही. आरजे४५ कन्सोल पोर्टला यूएसबी सिरियल केबल लावून लॅपटॉपवरून बोलावं लागतं. पहिला तासभर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं येत होती, कारण मी वेग ९६०० ठेवला होता. १,१५,२०० केल्यावर बायॉस दिसला. ओपीएनसेन्स या फायरवॉल सॉफ्टवेअरची 'सिरियल' प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची, मॉनिटरसाठीची व्हीजीए प्रत घेतली तर इन्स्टॉलर सुरू होऊनही तुम्हाला काही दिसणार नाही. ओपीएनसेन्स २०१५ मध्ये पीएफसेन्स या तशाच जुन्या सॉफ्टवेअरमधून वेगळं झालं. दोन्हींच्या खाली फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि त्याचं इंटेलच्या नेटवर्क चिपांशी चांगलं जमतं. सहाही पोर्ट पहिल्या झटक्यात ओळखले गेले. डिस्क झेडएफएस या फाइल सिस्टिमने फॉरमॅट केली, अचानक वीज गेली तरी ती सहसा बिघडत नाही. आमच्याकडे वीज न सांगता जाते. आठ महिन्यांत डबा कितीतरी वेळा धाडकन बंद पडला, पण फाइल सिस्टिम एकदाही बिघडली नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिसेंबरमध्ये एका रविवारी वीज गेली. फायबरचा ओएनटी (फायबर घरात येऊन जोडली जाते ती पेटी), स्विच आणि वायफाय इन्व्हर्टरवर होते, फायरवॉल नव्हता. डबा बंद, तरी धाकटा भाऊ मोबाइलवर आरामात व्हिडिओ बघत बसलेला. मी त्याचा आयपी पत्ता पाहिला. माझ्या नेटवर्कचा १०ने सुरू होणारा पत्ता नव्हता, थेट ओएनटीने दिलेला १९२.१६८.१ चा होता. म्हणजे मधला फायरवॉल बाजूलाच पडला होता.

या डब्यांत पोर्टच्या काही जोड्यांना 'बायपास' रिले असतो. यंत्र मेलं तरी कार्यालयाचं काम थांबू नये म्हणून वीज गेली की रिले जोडीतले दोन्ही पोर्ट आतून तारेने जोडून टाकतो. कार्यालयात हे सोयीचं, कारण तिथे पुढे दुसरं संरक्षण असू शकतं. घरात मात्र जो पहारेकरी ठेवला तोच झोपताना दार उघडं टाकून झोपल्यासारखं. मी नेमके वॅन (इंटरनेटची बाजू) आणि लॅन (घरची बाजू) एकाच जोडीत लावले होते. सीसीटीव्हीचा डीव्हीआर त्या वेळी सुरू झाला असता तर तोही बिनदिक्कत बाहेर पोचला असता, आणि त्याला अडवायलाच तर मी हा उद्योग केला होता. बायॉसमध्ये बायपास बंद केला, आणि त्यावर विसंबून न राहता वॅन वेगळ्या जोडीतल्या पोर्टवर नेला. डीव्हीआर आता वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे बाकी घरापासून तोडलेल्या नेटवर्कवर आहे. असा डबा घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी दोन पोर्टना केबल लावून डब्याची वीज काढून बघावी. केबलींच्या दुसऱ्या टोकांना जोडलेल्या दोन्ही यंत्रांवर लिंकचे दिवे पेटले तर ती बायपासची जोडी.

दुसरा त्रास उन्हाचा आणि लवेचा. आमचं घर पूर्व भागात, गल्लीत यंत्रमाग. टॉवेलच्या सुताची लव दारं लावली तरी आत येते. मूळचे ४० मिलिमीटरचे पंखे फार ओरडतात म्हणून नोव्हेंबरमध्ये शांत पंखे बसवले. थंडीत प्रोसेसर ५५ अंशांवर होता, एप्रिलच्या शेवटी दुपारी ८८ वर गेला. उघडून पाहिलं तर हीटसिंकच्या पात्यांवर लवेची गादी, थर्मल पेस्ट वाळून खडखडीत. समोर जाळी लावून पाहिली, दहा दिवसांत तुंबली. शेवटी मूळचे पंखे परत बसवले, पेस्ट बदलली आणि डबा माळ्यावरून काढून जिन्याखाली थंड जागी उभा ठेवला. महिन्यातून एकदा ब्लोअर मारतो. मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग जातं. आवाज आहेच. झोपायच्या खोलीत हे यंत्र ठेवता येणार नाही.

प्रोसेसर बदलून आय३-४१३०टी घातला. त्यात एईएस-एनआय (एन्क्रिप्शन झपाट्याने करण्याची सोय) आहे, जी१८२० मध्ये नव्हतं. ओपनव्हीपीएन या व्हीपीएनला त्याने फरक पडतो, वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएनला नाही. नुसता 'टी' (कमी विजेचा) प्रोसेसर घातल्याने रिकाम्या वेळेतली वीज फारशी वाचत नाही. माझा खर्च ३८ वरून ३१ वॅटवर आला तो मुख्यतः हार्ड डिस्क काढल्यामुळे. ३१ वॅट म्हणजे महिन्याला साधारण २२ युनिट. एन१०० प्रोसेसरचा बिनपंख्याचा नवा छोटा पीसी याच्या निम्म्याहून कमी विजेत भागवतो. त्यामुळे नुसते पैसे वाचवायला कुणी जुना डबा घेत असेल तर मी नको म्हणेन.

मार्चमध्ये एकदा रात्रभर वीज नव्हती. सकाळी इंटरनेट जोडलेलं, गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग जातोय, पण एकही साइट उघडेना. घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. तारीख चुकली की डीएनएसएसईसीच्या (साइटच्या नावाचं उत्तर खरं आहे का ते तपासणाऱ्या व्यवस्थेच्या) सह्या अवैध ठरतात, नावं सापडत नाहीत. आणि नाव सापडल्याशिवाय वेळ दुरुस्त करणारा (एनटीपी) सर्व्हरही सापडत नाही. घड्याळाचा सीआर२०३२ सेल बदलला आणि एक एनटीपी सर्व्हर थेट आयपी आकड्याने लिहून ठेवला.

एवढं करून काय मिळालं? भाऊ टॉवेलची डिझाइनं व्यापाऱ्यांना पाठवतो, मोठमोठ्या फाइली. पूर्वी त्याचं अपलोड सुरू झालं की पिंग ३०० मिलिसेकंदांवर जायचा आणि मुलीच्या ऑनलाइन शिकवणीचा आवाज तुटायचा. एफक्यू-कोडेल (डेटाची रांग तुंबू न देणारी सोय) लावून अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली ठेवली. आता पिंग ३०च्या आत राहतो. घरात या डब्याचं मोल सगळ्यांना पटलं ते यामुळे.

धास्ती आता फक्त पॉवर सप्लायची. १यूचा अरुंद सप्लाय नवी पेठेत चार दुकानांत विचारला, कुणाकडे नव्हता. पुण्याहून एक जुना मागवलाय. पुढच्या आठवड्यात येईल, तो कपाटात ठेवणार आहे.